लग्नाची मेंदी: पूड निवडण्यापासून मुहूर्ताच्या दिवसापर्यंत

मुहूर्ताच्या आदल्या रात्री मेंदी काढून घेतलेली वधू अंतरपाटामागे केशरी हातांनी उभी असते आणि तिच्या मेंदीचा खरा रंग खुलतो तो पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर. अशा वेळी दोष बहुधा मेंदी काढणारीला दिला जातो, कोनाला दिला जातो, कधी वधूच्या त्वचेलाही दिला जातो. प्रत्यक्षात रंग चढण्यासाठी लागणारा वेळच मेंदीला मिळालेला नसतो. चांगल्या रंगासाठी ताजी पूड, भरपूर वेळ आणि लेप काढल्यानंतरचा एक कोरडा दिवस एवढ्या तीनच गोष्टी खऱ्या अर्थाने निर्णायक आहेत. बाकीच्या युक्त्यांचा उपयोग थोडा आहे आणि त्यांतल्या काही घातकही आहेत. पुढील सर्व सूचना या तीन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत.

आधी रंग कसा बसतो ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते कळले की कोणती सूचना का पाळायची हे वेगळे सांगावे लागत नाही. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याचे प्रमाण सुक्या पानांच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के इतके असते. पानात ते बरेचसे बांधलेल्या स्वरूपात असते आणि पूड पाण्यात, विशेषतः किंचित आंबट पाण्यात, काही तास भिजल्यावर ते सुटे होते. लेप हातावर असताना हे सुटे झालेले द्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात उतरते आणि त्या थरातील केराटिन या प्रथिनाला कायमचे जोडले जाते. लेप काढल्याबरोबर दिसणारा रंग केशरी असतो, आणि पुढील 48 तासांत हवेतील ऑक्सिजनमुळे तो विटकरी, मग गडद तपकिरी होत जातो. तळहात आणि तळपाय यांच्यावरील मृत पेशींचा थर शरीरात सर्वांत जाड असल्यामुळे तिथे मेंदी गडद रंगते, तर मनगटाच्या वर आणि कोपराजवळ तीच मेंदी फिकी राहते. हे प्रत्येकीच्या बाबतीत होते. मेंदी जितकी रंगेल तितके सासरी प्रेम मिळेल, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. पण रंग ठरतो तो त्वचेच्या जाडीवर, हाताच्या उबेवर आणि पुडीच्या ताजेपणावर, आणि हे घरातल्या मोठ्यांनी फिकी मेंदी रंगलेल्या मुलीला आवर्जून सांगावे, असे मला मनापासून वाटते.

मुहूर्तापासून मागे मोजा

रंग सर्वांत गडद होण्यासाठी लेप काढल्यापासून सुमारे दोन दिवस लागतात, म्हणून दिवस ठरवताना मुहूर्तापासून मागे मोजत जावे. समजा, मुहूर्त रविवारी सकाळी आहे. मग शुक्रवारी सकाळी लेप निघायला हवा आणि त्यासाठी मेंदी गुरुवारी दुपारी किंवा संध्याकाळी काढली गेली पाहिजे. शुक्रवारचा दिवस हाताला पाणी न लावता काढायचा, शनिवारी हळद लागेल, आणि रविवारी अक्षता पडताना रंग ऐन भरात असेल. याहून फार आधी, म्हणजे पाचसहा दिवस आधी मेंदी काढणेही इष्ट नाही, कारण वरचा थर रोज थोडाथोडा झडत असतो आणि बोटांची टोके, जिथे सतत पाणी लागते, ती सर्वांत आधी फिकी पडतात.

हल्ली कार्यालयाच्या आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी मेंदीचा कार्यक्रम आणि हळद एकाच दिवशी किंवा लागोपाठ ठेवली जाते. ज्यांना तसे करणे भाग आहे त्यांनी कार्यक्रम पाहुण्यांसाठी त्याच दिवशी ठेवावा, मात्र वधूच्या हातावर एक दिवस आधीच घरी शांतपणे मेंदी काढून घ्यावी. मला हीच व्यवस्था सर्वांत चांगली वाटते. वधूच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत आणि पायांना मेंदी काढायला नक्षीनुसार चार ते सहा तास सहज लागतात आणि तेवढा वेळ गर्दीत, गाण्याच्या आवाजात हात स्थिर ठेवणे कठीणच असते.

पूड आणि कोन यांची पारख

महाराष्ट्रात मिळणारी बरीचशी चांगली पूड राजस्थानातून येते. तेथील पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी विशेष प्रसिद्ध असून 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पूड घेताना ती हातावर काढायची आहे हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. केसांसाठीची पूड भरड असते, कोनाच्या टोकात अडकते, आणि तिच्यात आवळा, शिकेकाई किंवा इतर रंग मिसळलेले असू शकतात. हातासाठीची पूड वस्त्रगाळ असावी, वेष्टनावर फक्त मेंदीच्या पानांचा उल्लेख असावा आणि ती त्याच वर्षाच्या पिकाची असावी. उष्णता, उजेड आणि हवा यांमुळे पुडीतला रंग हळूहळू मरतो, म्हणून आणल्यावर ती हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावी. चमकदार, फार हिरवीगार पूड पाहून भुलू नये, कारण हिरवेपणा वरून घातलेल्या रंगाचाही असू शकतो. एक चिमूट पूड पांढऱ्या कागदावर ओली करून ठेवली असता लगेच गडद हिरवे पाणी पसरले, तर अशी पूड बाजूला ठेवावी.

तयार कोनांच्या बाबतीत एक साधा नियम कायम लक्षात ठेवावा. भिजवलेली मेंदी सामान्य तापमानाला दोनतीन दिवसांत आपली ताकद गमावते. त्यामुळे जो कोन दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहूनही दहा मिनिटांत लालभडक किंवा काळा रंग देतो, त्यातला रंग मेंदीचा नसतो. नैसर्गिक कोनाला पानांचा आणि निलगिरीसारख्या तेलाचा वास येतो, आणि लगदा हिरवट तपकिरी असतो. रॉकेल, पेट्रोल किंवा केसांच्या कलपासारखा वास आला, किंवा वेष्टनावर घटकांची यादीच नसली, तर तो कोन वधूच्याच काय, कोणाच्याही हाताला लावू नये. मेंदी काढणारी बाहेरून बोलावणार असाल, तर ती कोन स्वतः भिजवते का, कधी भिजवते आणि त्यात काय घालते, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावे. स्वतः भिजवणाऱ्या बायका याचे उत्तर आनंदाने आणि तपशिलाने देतात.

लग्नाच्या दहापंधरा दिवस आधी त्याच पुडीची किंवा त्याच कारागिरणीच्या कोनाची चाचणी घ्यावी. तळहातावर एक लहान फूल आणि कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका काढून तो सहा तास ठेवावा. पुढचे दोन दिवस रंग पाहावा आणि खाज, लाली किंवा पुरळ येते का, याकडेही लक्ष द्यावे.

मेंदी भिजवणे

शंभर ग्रॅम पुडीला साधारण 25 ते 30 ग्रॅम साखर, 20 ते 30 मिलिलिटर निलगिरीचे शुद्ध तेल आणि अडीचशे ते पावणेतीनशे मिलिलिटर द्रव लागतो. द्रवाचा अर्धा भाग लिंबाचा गाळलेला रस आणि अर्धा भाग पाणी असावे. त्वचा कोरडी असेल, तर रस आणखी कमी केला तरी चालतो, कारण थोडा आंबटपणा पुरेसा असतो आणि जास्त लिंबाने त्वचा ताणली जाते. साखर लेप त्वचेला धरून ठेवते आणि तो लवकर वाळू देत नाही. तेलातील घटक रंग खोलवर उतरायला मदत करतात, आणि म्हणूनच इथे सुगंधी अत्तर किंवा केसांचे तेल चालत नाही. लवंगाचे तेल पुष्कळजणी वापरतात. ते तीव्र असते आणि नाजूक त्वचेवर जळजळ करते, त्यामुळे मी निलगिरीलाच पसंती देईन. गर्भवती स्त्रियांसाठी आणि लहान मुलांसाठी तेल न घालता वेगळा लगदा भिजवावा.

चहाचा काढा, कॉफी, काथ यांचा आग्रह घराघरांत असतो. त्यांनी लगद्याचा आणि थोडासा त्वचेवरचा वरवरचा रंग गडद दिसतो, पण तो धुण्यात निघून जातो. घालायला हरकत नाही, मात्र त्यांच्यावर विसंबून जुनी पूड वापरू नये. लोखंडी कढईचीही गरज नाही. काचेचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे.

पूड प्रथम बारीक कापडातून चाळावी. तिच्यात साखर मिसळून द्रव थोडाथोडा घालत घट्ट लगदा करावा, तेल घालून पुन्हा ढवळावे, आणि हवा आत राहू नये म्हणून प्लास्टिकचा कागद लगद्याच्या पृष्ठभागाला चिकटवून भांडे झाकावे. रंग सुटायला लागणारा वेळ हवामानावर अवलंबून असतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात चारपाच तास पुरतात, पुण्यात डिसेंबरच्या थंडीत मात्र रात्रभर, कधी बारा तासांहून अधिक काळ भिजवावे लागते. घड्याळापेक्षा लगद्याकडे पाहावे. वरचा थर तपकिरी झाला आणि आतला भाग हिरवा राहिला, की थोडा लगदा तळहाताला लावून पाच मिनिटांनी पुसावा. ठळक केशरी डाग उमटला म्हणजे मेंदी तयार झाली. आता उरलेला द्रव घालून लगदा फेटलेल्या दह्याइतका सैल करावा, मलमलीतून किंवा स्वच्छ नायलॉनच्या मोज्यातून गाळावा आणि कोनांत भरावा. शंभर ग्रॅम पुडीपासून चारशे ग्रॅमच्या आसपास लगदा होतो, जो वधूला पुरून घरातल्या काहीजणींनाही पुरतो. त्याच दिवशी वापरायचे नसतील, तर कोन फ्रीझरमध्ये ठेवावेत. तिथे ते काही महिने टिकतात. काढल्यावर मात्र ते पूर्ण सामान्य तापमानाला आल्याशिवाय वापरू नयेत आणि पुन्हा गोठवू नयेत.

हातांची तयारी

वॅक्सिंग, मॅनिक्युअर, पेडिक्युअर आणि त्वचा घासण्याचे सर्व उपचार मेंदीच्या दोन दिवस आधी उरकून घ्यावेत. ते मेंदीनंतर केले, तर ज्या थरावर रंग बसला आहे तोच थर निघून जातो, आणि अगदी त्याच दिवशी केले, तर सोललेल्या त्वचेवर तेल आणि लिंबू झोंबते. मेंदीच्या दिवशी हातपाय साबणाने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि त्यानंतर क्रीम, सनस्क्रीन, खोबरेल असे काहीही लावू नये, कारण स्निग्ध थरातून रंग आत जात नाही. बिनबाह्यांचा किंवा वर सहज सरकणारा सैल, जुना कपडा घालावा, नीट जेवून घ्यावे, केस बांधावेत. पायांना मेंदी काढायची असेल, तर बसण्याची जागा अशी निवडावी की पाय उंच ठेवता येतील आणि मध्ये उठावे लागणार नाही. हिरवा चुडा आधीच भरलेला असेल, तर बांगड्या वर सरकवून मनगट मोकळे करणे अवघड जाते, म्हणून चुडा भरण्याचा विधी शक्यतो मेंदी सुकून लेप निघाल्यानंतरच ठेवावा.

एअर कंडिशनर चालू असलेल्या खोलीत मेंदी काढणे टाळावे. कोरडी थंड हवा लेप लवकर वाळवून त्याचे पापुद्रे पाडते आणि गार हातांवर रंग कमी चढतो. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे लेप सुकायला वेळ लागतो, तोवर नक्षी पसरण्याचा धोका असतो, पण लेप जास्त काळ ओलसर राहिल्यामुळे रंग उलट चांगला येतो; तिथे फक्त तळहाताचा घाम टिपत राहण्यासाठी पंखा मंद ठेवावा. नक्षी निवडताना जो भाग गडद दिसावा असे वाटते तो तळहातावर आणि बोटांवर ठेवावा, आणि कोपराकडे जाताना भरीव आकार घ्यावेत, कारण तिथे बारीक रेषा फिक्या रंगात हरवतात. चुकीची रेघ पडली, तर ती लगेच, तेलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने उचलून घ्यावी. एका मिनिटानंतर डाग राहणारच.

लेप हातावर असताना

लेप हाताला न चिकटण्याइतपत सुकला, की लिंबाचा रस आणि साखर यांचे दाट मिश्रण कापसाने हलकेच टिपावे. उद्देश लेप धरून ठेवण्याचा आहे, भिजवण्याचा नाही. मिश्रण ओघळले की रंगही ओघळतो. दोनतीन वेळा टिपणे पुरेसे आहे. लेप किमान सहा ते आठ तास, शक्य तर रात्रभर ठेवावा. झोपताना हातावर मऊ टिश्यू कागद गुंडाळून वर कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावावी आणि मग जुने सुती मोजे चढवावेत. नुसत्या प्लास्टिकमध्ये हात रात्रभर बांधले, तर घामाने सगळी नक्षी एकत्र होते.

तव्यावर लवंगा तापवून त्यांच्या धुरावर हात धरण्याची रीत आहे. तिचा फायदा मुख्यतः उबेचा असतो, म्हणून हात तव्यापासून लांब ठेवावेत आणि चटका बसू देऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीजवळ हात ठेवूनही तीच ऊब मिळते. चुना लावण्याचा सल्ला मात्र कोणीही दिला तरी स्वीकारू नये. चुन्याने रंग तात्पुरता गडद होतो हे खरे आहे, पण तो दाहक असल्यामुळे त्वचा पोळू शकते.

सकाळी लेप पाण्याने धुऊ नये. बोथट सुरीच्या पाठीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने तो खरवडून काढावा आणि चिकटून राहिलेले कण खोबरेल तेलाने चोळून सोडवावेत. हात केशरी दिसले तर घाबरू नये. पुढचे 24 तास, निदान 12 तास तरी, हाताला पाणी लागू देऊ नये, आणि या एका दिवसासाठी वधूला भरवायला, वेणी घालायला आणि पाणी द्यायला घरात कोणीतरी हौसेने पुढे यावे.

हळद आणि मंगलस्नान

हळदीने मेंदी जात नाही. मेंदी जाते ती हळद काढताना केलेल्या घासण्याने. हळद लागण्यापूर्वी मेंदीच्या भागावर खोबरेलाचा जाडसर थर द्यावा, आणि ओवाळणाऱ्या सुवासिनींना चेहरा, खांदे व गुडघे यांना हळद लावायला प्रेमाने सांगावे. नंतरच्या स्नानात हातापायांना घासणी, उटणे किंवा खरखरीत पंचा लावू नये, गरम पाण्यात हात बुडवून ठेवू नयेत आणि अंग टिपून कोरडे करावे. स्नानाआधी आणि नंतर पुन्हा तेलाचा हात फिरवावा. सॅनिटायझर त्वचा कोरडी करतो, म्हणून त्याचा वापर कमी ठेवावा. गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न असेल, तर अक्षता पडेपर्यंत समुद्रस्नान आणि क्लोरीनच्या पाण्यातले पोहणे टाळावे.

काळी मेंदी आणि इतर धोके

या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण इथली चूक आठवड्याभरात पुसून जात नाही. निसर्गात काळी मेंदी नसते. जी काळी मेंदी म्हणून विकली जाते तिच्यात बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे केसांच्या कलपातले रसायन असते. युरोपीय संघात ते केसांच्या रंगात मिसळल्यानंतर जास्तीत जास्त दोन टक्क्यांपर्यंतच चालते आणि थेट त्वचेवर लावायला परवानगी नाही. त्याची ॲलर्जी झाली, की नक्षीच्या आकारातच फोड उठतात, व्रण राहू शकतात, आणि पुढे आयुष्यभर केसांचा कलप लावणे अशक्य होऊ शकते. पहिल्यांदा त्रास होताना तो लगेच न दिसता काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही उमटतो. म्हणून आधी एकदा लावली होती, काही झाले नाही, हा भरवसा पुरेसा नाही. उलट दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया अधिक तीव्र आणि लवकर येते.

पुरळ, सूज किंवा फोड दिसल्यास लेप ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन टाकावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चेहरा सुजला, तर थेट रुग्णालयात जावे. लग्न दोन दिवसांवर आहे म्हणून वाट पाहू नये.

लहान बाळांच्या तळव्यांवर कौतुकाने मेंदीचा ठिपका लावण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे; ती मनावर घेऊन बंद करावी, असे मी सांगेन. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांच्या शरीरात लॉसोन शोषले गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि बाळाला ही कमतरता आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. मोठ्यांपैकी कोणाला ती असल्याचे माहीत असेल, तर त्यांनीही मेंदी लावू नये.

लग्नानंतर

रंग साधारण एक ते तीन आठवडे टिकतो आणि वरचा थर झडेल तसा ठिपक्याठिपक्यांनी विरत जातो. रोज रात्री तेल आणि भांडी घासताना रबरी हातमोजे, एवढ्याने तो थोडा लांबतो. उतरता रंग अर्धवट आणि डागाळलेला दिसू लागला, तर हात कोमट पाण्यात भिजवून, तेल आणि बारीक साखरेने एक दिवसाआड हलके चोळावेत. त्यामुळे उरलेला रंग एकसारखा निघतो. ब्लीच किंवा टूथपेस्ट लावू नये. फ्रीझरमध्ये उरलेले कोन सत्यनारायणाच्या पूजेला किंवा पहिल्या सणाला वापरता येतात. तेव्हाही तळहाताला पाच मिनिटांचा ठिपका लावून रंग अजून शाबूत आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.